बायबलचं आजच्या इंग्लिशमध्ये भाषांतर करायचंय? आधी वही उघडा, मग योना

इंग्लिशमध्ये बायबलची भाषांतरं ढिगाने आहेत, मग आणखी एक कशाला, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच, त्यामुळे त्याचं उत्तर आधी स्वतःपुरतं तरी पक्कं करून ठेवा. इंग्लिश नव्याने शिकणाऱ्यांसाठी छोट्या वाक्यांचं हवंय? उपासनेत मोठ्याने वाचायला हवंय? कोणालाही परवानगी न मागता छापता यावं म्हणून हवंय? की मूळ मजकूर नेमका काय म्हणतो ते स्वतःलाच कळावं म्हणून करताय? सगळी कारणं चांगलीच आहेत, पण सगळी एका भाषांतरात मावत नाहीत. शाळकरी पोराला कळायला हवं असेल तर नव्या करारात पत्रं लिहिणाऱ्या पौलाची लांबलचक वाक्यं तोडावीच लागतील, आणि मूळची रचना जपायची असेल तर तोडता येणार नाहीत, दोन्ही एकदम जमवायला गेलं की मधेच लटकणारं काहीतरी तयार होतं. म्हणून पहिलं काम हे की एक वही उघडा, किंवा गुगल डॉक, जे जमेल ते, आणि वरच लिहा: कोण वाचणार, कुठे वाचणार, मनात की मोठ्याने.

या वहीबद्दल मी पुढे सारखं बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो. लोकांना भीती वाटते हिब्रू आणि ग्रीकची, म्हणजे जुना आणि नवा करार मुळात ज्या भाषांत आहेत त्यांची, पण भाषांतर फसतं ते बहुतेक वेळा निर्णय कुठेच न लिहिल्यामुळे. उत्पत्तीत एक शब्द, स्तोत्रांत दुसरा, रोमकरांच्या पत्रात तिसरा, आणि दोन वर्षांनी आपल्यालाच आठवत नाही की असं का केलं होतं. १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत किंग जेम्स बायबलचं काम ठरलं, त्यानंतर अनुवादकांच्या हातात आधी १५ नियम ठेवले गेले. बिशप्स बायबल (तेव्हाचं चर्चमधलं इंग्लिश बायबल) समोर ठेवा आणि मूळ मजकूर भाग पाडेल तेवढंच बदला, चर्चमधले जुने शब्द तसेच राहू द्या, समासातल्या टीपा फक्त हिब्रू-ग्रीक शब्द समजावण्यापुरत्या, वगैरे. काही नियम सरळसरळ राजकारणाचे होते, ते सोडा. पण ४७च्या आसपास माणसं, सहा गट, वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज अशी तीन ठिकाणं, आणि तरी १६११ मध्ये जे बाहेर आलं ते एकाच माणसाने लिहिल्यासारखं वाटतं, यात त्या १५ कलमांचा हात आहे असं माझं मत. (दुसरा मोठा हात आधीचा इंग्लिश अनुवादक विल्यम टिंडेलचा, ज्याला १५३६ मध्ये गळा आवळून मारून जाळलं आणि ज्याची वाक्यंच्या वाक्यं नंतर किंग जेम्समध्ये जशीच्या तशी आली.)

कामाचा आकार आधी बघून घ्या

प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, साधारण ३१ हजार वचनं. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं. रोज दहा वचनं, एकही दिवस सुट्टी नाही असं धरलं तरी साडेआठ वर्षं लागतात, आणि ती फक्त पहिल्या कच्च्या खर्ड्याला. न्यू इंटरनॅशनल व्हर्जनवर (एनआयव्ही) शंभरहून जास्त अभ्यासक होते, १९६५ला बैठका सुरू झाल्या आणि पूर्ण बायबल आलं १९७८ला. एकट्याने केलेलीही आहेत, रॉबर्ट ऑल्टर यांचं हिब्रू बायबल २०१८ मध्ये पूर्ण झालं, दोन दशकांहून जास्त काळ लागला आणि त्यात नवा करार नाहीच. तेव्हा 'पूर्ण बायबल करतोय' असं जाहीर करण्याआधी एक छोटं पुस्तक पूर्ण करा, छापण्याइतकं पूर्ण, मग ठरवा.

हिब्रू-ग्रीक येतच नसेल तर? रस्ता आहे, आणि तो काही कमीपणाचा नाही. जुनं, कॉपीराईट संपलेलं इंग्लिश भाषांतर घ्यायचं आणि ते मूळ मजकुराशी ताडत ताडत आजच्या भाषेत आणायचं. किंग जेम्ससुद्धा कागदोपत्री बिशप्स बायबलची सुधारित आवृत्तीच होती. १९०१ची अमेरिकन स्टँडर्ड व्हर्जन अशा कामासाठी सगळ्यात सोयीची, तिच्यावरूनच रिव्हाइज्ड स्टँडर्ड आली, न्यू अमेरिकन स्टँडर्ड आली, आणि वर्ल्ड इंग्लिश बायबल पण तिथूनच आलं जे आज कोणीही फुकट वापरू शकतो. पण हा रस्ता धरला तरी ज्याला मूळ भाषा येतात असा एक माणूस टीममध्ये लागतोच. नुसतं 'दाऊ'चं 'यू' आणि 'सेथ'चं 'सेज' करत गेलात तर वाक्यांचे सांधे १९०१चेच राहतात आणि वरून रंग दिल्यासारखं दिसतं.

भाषा शिकायची तयारी असेल तर आधी ग्रीक घ्या. नव्या कराराची कोइने ग्रीक, म्हणजे त्या काळची रोजच्या वापरातली ग्रीक, एक-दोन वर्षं नीट मेहनत केली तर कोशाच्या आधाराने वाचता येते, योहानाचं शुभवर्तमान सोपं आहे, इब्रींस पत्र आणि लूक कठीण. हिब्रूला जास्त वेळ लागतो, आणि दानीएल आणि एज्रा यांचा बराच भाग अरामी भाषेत आहे ते वेगळंच.

कुठला मूळ मजकूर?

'मूळ बायबल' नावाचं एक पुस्तक कुठे कपाटात ठेवलेलं नाही, हे ज्यांना माहीत नसतं त्यांना इथे धक्का बसतो. आहेत त्या हस्तलिखित प्रती, आणि त्यांच्यात फरक आहेत. जुन्या करारासाठी बहुतेक सगळे मासोरेटिक मजकूर, म्हणजे ज्यू लेखनिकांनी जपलेला हिब्रू मजकूर, धरतात, त्याची सगळ्यात जुनी संपूर्ण प्रत म्हणजे लेनिनग्राड कोडेक्स, इसवी सन १००८च्या सुमाराची, आणि बिब्लिया हेब्राइका श्टुटगार्टेन्सिया ही छापील आवृत्ती त्यावरच आहे. जोडीला सेप्टुआजिंट म्हणजे जुनं ग्रीक भाषांतर, आणि १९४७ पासून कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या, ज्या लेनिनग्राड कोडेक्सपेक्षा हजारेक वर्षांनी जुन्या आहेत. दाविदाशी लढलेल्या गल्याथची उंचीच घ्या, मासोरेटिकमध्ये सहा हात एक वीत म्हणजे जवळजवळ तीन मीटर, आणि कुमरानच्या शमुवेलाच्या गुंडाळीत व सेप्टुआजिंटमध्ये चार हात एक वीत, म्हणजे दोन मीटरच्या आसपासचा उंच माणूस. तुम्ही कुठला आकडा वर घेणार आणि कुठला फूटनोटमध्ये टाकणार? वहीत लिहा, आणि पुढे असा प्रसंग येईल तेव्हा तोच नियम लावा.

नव्या करारात तीन कळप आहेत. नेस्ले-आलांडचा मजकूर, ज्याची २८वी आवृत्ती २०१२ला आली आणि ज्याच्या कुठल्या ना कुठल्या आवृत्तीवर आजची बहुतेक भाषांतरं उभी आहेत. बायझंटाइन मजकूर, जो बहुसंख्य हस्तलिखितांमागे जातो. आणि टेक्स्टस रिसेप्टस, १५१६ला इरॅस्मसने जो छापील ग्रीक नवा करार काढला त्या घराण्यातला, किंग जेम्सच्या मागे हाच आहे. फरक कुठे पडतो? मार्कच्या शेवटच्या १२ वचनांत, जी सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन्ही प्रतींत नाहीत. योहानात व्यभिचारात पकडलेल्या बाईच्या गोष्टीत. आणि प्रेषितांची कृत्ये ८:३७ सारख्या वचनांत, जी आजच्या बऱ्याच भाषांतरांत दिसतच नाहीत, ३६ नंतर सरळ ३८. असा नंबर गाळायचा असेल तर खाली टीप द्याच, नाहीतर वाचकाला वाटतं तुम्ही लपवताय.

योनापासून सुरुवात करा

बहुतेक जण उत्पत्ती १:१ ला हात घालतात आणि तिथेच अडकतात, कारण ते पहिलं वाक्यच वादाचं आहे: 'आरंभी देवाने निर्माण केलं' की 'देव निर्माण करू लागला तेव्हा', व्याकरण दोन्हीकडे नेता येतं. त्यापेक्षा योना घ्या. चार अध्याय, ४८ वचनं, गोष्ट चांगली (देव निनवे शहरात जायला सांगतो, योना जहाजाने पळतो, वादळात सापडतो, मासा त्याला गिळतो), हिब्रू बरीचशी सरळ, आणि गंमत म्हणजे अख्ख्या बायबलात जे जे निर्णय घ्यावे लागतात त्यातले बहुतेक या ४८ वचनांत येऊन जातात.

पहिल्याच वचनात देवाचं चार अक्षरी नाव येतं. हे नाव जुन्या करारात ६८००हून जास्त वेळा आहे, त्यामुळे इथे जे ठरेल ते सगळीकडे जाणार. इंग्लिश परंपरा म्हणजे 'लॉर्ड' हा शब्द मोठ्या अक्षरांत, १९६६च्या जेरुसलेम बायबलने 'याहवे' वापरलं, १९०१च्या अमेरिकन स्टँडर्डने 'जेहोव्हा'. मोठ्याने वाचायचं असेल तर मोठी अक्षरं ऐकू येत नाहीत हे ध्यानात घ्या. उलट हे नाव उच्चारू नये असं मानणारे वाचक असतील तर 'याहवे' त्यांना खटकणार. माझा कल 'लॉर्ड'कडे, पण हे तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर अवलंबून आहे.

मग पुढे 'गादोल' हा शब्द. मोठं शहर, मोठा वारा, मोठं वादळ, मोठी भीती, मोठा मासा, सगळीकडे हाच. इंग्लिशमध्ये लिहिताना हात शिवशिवतो की 'ग्रेट सिटी' लिहावं पण वारा 'व्हायोलंट' करावा आणि मासा 'ह्यूज', कारण शाळेत शिकवलेलं असतं की एकच शब्द परत परत नको. हिब्रू कथाकाराला मात्र तो परत परतच हवाय. तसंच 'खाली जाणं': योना याफोला खाली उतरतो, जहाजात उतरतो, जहाजाच्या तळाशी उतरतो, आणि दुसऱ्या अध्यायात डोंगरांच्या मुळांपर्यंत खाली जातो, क्रियापद तेच. हे 'वेंट डाउन' प्रत्येक ठिकाणी धरून ठेवता आलं तर ठेवा, इंग्लिश वाचकाला न सांगता कळतं की हा माणूस घसरत चाललाय.

पण प्रत्येक वेळी हे जमत नाही, आणि त्याचं उदाहरणही योनातच आहे. 'राआ' हा शब्द निनवेच्या लोकांच्या दुष्टपणाला वापरलाय, वादळाच्या संकटालाही तोच, देवाने आणायचं ठरवलेल्या अरिष्टालाही तोच, आणि चौथ्या अध्यायात योनाला जो संताप येतो तिथेही तोच. इंग्लिशमध्ये चारही ठिकाणी 'ईव्हिल' लिहिलं तर देवच वाईट करतो असं वाचलं जाईल, आणि चार वेगळे शब्द लिहिले तर धागा तुटतो. इथे लोक दोन तट करतात. भाषांतराचे अभ्यासक युजीन नायडा यांनी १९६४ मध्ये यालाच फॉर्मल आणि डायनॅमिक इक्विव्हॅलन्स अशी नावं दिली, म्हणजे ढोबळमानाने शब्दाला शब्द की परिणामाला परिणाम. प्रत्यक्षात कोणीच पूर्ण एका टोकाला राहत नाही. आमोस ४:६ मध्ये देव म्हणतो मी तुम्हाला 'दातांची स्वच्छता' दिली, म्हणजे खायला काही नव्हतं, ते शब्दशः ठेवलं तर आजचा वाचक टूथपेस्टचा विचार करेल. माझा सल्ला: शब्द कथेत मुद्दाम फिरवलेला असेल तर जपा, नुसता वाक्प्रचार असेल तर अर्थ द्या, आणि 'राआ'सारखं मधलं प्रकरण असेल तर अर्थ वर आणि 'चारही ठिकाणी एकच हिब्रू शब्द आहे' अशी टीप खाली.

दुसरा अध्याय कविता आहे. जुन्या कराराचा जवळजवळ तिसरा हिस्सा कविता आहे, त्यामुळे ओळी कशा मोडायच्या, दुसरी ओळ किती आत सरकवायची, हे इथेच ठरवा. हिब्रू कवितेत यमक नसतं, पहिल्या ओळीतलं दुसऱ्या ओळीत थोडं वेगळं करून म्हटलेलं असतं, म्हणून इंग्लिशमध्ये यमकं जुळवायच्या नादी लागू नका, ओळी आखूड ठेवा आणि ठोके मोजा. याच अध्यायात 'पाणी माझ्या नेफेशपर्यंत आलं' असं आहे. किंग जेम्सने तिथे 'सोल' लिहिलं, पण नेफेशचा अर्थ गळाही होतो, जीवही होतो, आणि बुडणाऱ्या माणसाच्या तोंडी गळा जास्त पटतो. शिवाय 'शिओल' आहे, मेलेल्यांची जागा. त्याला 'हेल' म्हटलं तर नंतरच्या काळातला अग्नी-गंधक सगळा त्यात घुसतो. मी तरी शिओलच ठेवेन.

तिसऱ्या अध्यायात मजकुराचा फरक: हिब्रूत निनवेला ४० दिवसांची मुदत, सेप्टुआजिंटमध्ये तीन दिवसांची. चौथ्यात योनाला सावली देणारी वेल, 'किकायोन'. नेमकी कुठली वनस्पती कोणालाच ठामपणे सांगता येत नाही, एरंड म्हणतात, भोपळा म्हणतात. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने जुना भोपळा काढून आयव्ही लिहिली, तर उत्तर आफ्रिकेतल्या ओएआ गावात ते वाचल्यावर लोकांनी असा गोंधळ घातला की बिशपची गादी जायची वेळ आली, बिशप ऑगस्टिनने हे जेरोमलाच पत्रात कळवलंय. एका वेलीवरून. तुम्ही 'अ प्लांट' लिहा आणि सुटा.

आणि हो, मासा. योनात 'दाग' म्हणजे मासाच आहे. मत्तय १२:४० मध्ये येशू याच गोष्टीचा उल्लेख करतो तिथे ग्रीक शब्द 'केटोस', मोठा जलचर, ज्याचा किंग जेम्सने 'व्हेल' केला आणि मग सगळ्या चित्रांत व्हेल आला. इथे टीप टाकून ठेवा की मत्तयवर पोचलो की हे ताडायचं. अशा आडव्या दुव्यांची वहीत वेगळी यादी लागते, विशेषतः मत्तय, मार्क, लूकमध्ये, जिथे तीच गोष्ट तिघे सांगतात: ग्रीक शब्द तिन्हीकडे सारखे असतील तर इंग्लिशही सारखं असायला हवं आणि ग्रीक वेगळं असेल तर इंग्लिशही वेगळं.

नव्या करारातल्या खास अडचणी

सगळ्यात मोठी म्हणजे 'यू'. लूक २२:३१-३२ मध्ये येशू शिमोनाला सांगतो की सैतानाने तुम्हाला चाळायला मागितलंय, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय. मराठी वाचणाऱ्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही, तुम्हाला आणि तुझ्यासाठी, विषय संपला. आजच्या इंग्लिशमध्ये दोन्हीकडे 'यू', आणि वाचक समजतो सगळं एकट्या शिमोनाबद्दल चाललंय. जुन्या 'दाऊ' (तू) आणि 'यी' (तुम्ही) या जोडीत हा फरक होता, तो गेला. पर्याय: 'ऑल ऑफ यू' लिहा, किंवा दुसऱ्या वाक्यात 'शिमोन' परत घाला, किंवा टीप द्या. प्रत्येक अनेकवचनाला 'ऑल ऑफ यू' करत सुटू नका, कान किटतात. जिथे अर्थ उलटतो तिथेच.

'अदेल्फोई' म्हणजे भाऊ, पण पत्रं जिथे वाचली जायची तिथे बायकाही बसलेल्या असायच्या. न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्डने १९८९ला 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' केलं, एनआयव्हीने २०११च्या आवृत्तीत, इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनने वर 'ब्रदर्स' ठेवून टीप दिली. यावर लोक हमरीतुमरीवर येतात, तुमच्यावरही येतील. म्हणून नियम आणि कारण दोन्ही प्रस्तावनेत छापा. शब्दावरून किती पेटू शकतं बघा: १९५२ला रिव्हाइज्ड स्टँडर्डने यशया ७:१४ मध्ये 'कुमारी'च्या जागी 'तरुण स्त्री' लिहिलं, तर अमेरिकेत एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळलं.

'सार्क्स', म्हणजे देह, एनआयव्हीच्या १९८४च्या आवृत्तीत रोमकरांच्या पत्रात 'सिनफुल नेचर' होता आणि २०११मध्ये बहुतेक ठिकाणी परत 'फ्लेश'वर आले. म्हणजे शंभर अभ्यासक असले तरी निर्णय फिरवावा लागतो. तुमच्या वहीत प्रत्येक निर्णयासमोर तारीख टाका.

लांब वाक्यं: इफिसकरांस १:३ ते १४ हे ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, दोनशेच्या आसपास शब्दांचं. इंग्लिशमध्ये तोडा, बिनधास्त तोडा, पण तोडताना 'ज्याच्यामध्ये', 'म्हणून', 'यासाठी की' हे सांधे उडवू नका, कारण पौलाचा सगळा युक्तिवाद त्या सांध्यांवर चालतो. मार्कचं उलट, तो 'आणि लगेच, आणि लगेच' करत पळतो आणि मधेच वर्तमानकाळात जातो. त्याला फार इस्त्री केलीत तर मार्क राहत नाही.

मापं-वेळा पटकन उरका: तिसरा तास म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला, दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी (आजच्या चलनात आकडा देऊ नका, पाच वर्षांत शिळा होतो), काना गावच्या लग्नातले रांजण ७५ ते ११५ लिटरचे. आकडा टीपेत आणि मजकुरात साधा शब्द, असं केलं की झालं.

जुन्या करारातला 'हेसेद' इथेच सांगतो कारण तो विसरला जातो. दया, निष्ठा, करार पाळणारं प्रेम, सगळं एका शब्दात. कव्हरडेल या अनुवादकाने १५३५ला 'लव्हिंगकाइंडनेस' केला, रिव्हाइज्ड स्टँडर्डने 'स्टेडफास्ट लव्ह'. तुमचा पर्याय ठरला की स्तोत्र १३६ काढा. त्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट हेसेदवरच होतो. तुमचं धृपद २६ वेळा मोठ्याने म्हणा. दहाव्या वेळेला जीभ अडखळली किंवा हसू आलं तर शब्द बदला.

रोजचं काम कसं करायचं

एका परिच्छेदावर तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत अगदी ओबडधोबड शब्दशः, इंग्लिश वाईट असलं तरी चालेल, फक्त काही सुटता कामा नये. दुसऱ्या फेरीत मूळ पान बंद करा आणि नुसत्या त्या ओबडधोबड मजकुरावरून आजचं इंग्लिश लिहा, जसं तुम्ही समोरच्याला सांगाल तसं. 'बिहोल्ड', 'इट केम टू पास', 'अनटू' हे सगळं इथे गळतं. 'डोन्ट', 'कान्ट' अशी आखूड रूपं चालतील का, तर माझ्या मते बोलण्यात हो, निवेदनात नको, आणि देवाच्या तोंडी घालायची का हे आधीच ठरवा. तिसऱ्या फेरीत मूळ परत उघडा आणि शब्द न शब्द ताडा: काय वाढलं, काय गळलं, काय बदललं. वाढलेलं सापडतं पटकन. गळलेलं सापडत नाही, त्यासाठी बोट ठेवून वाचा.

दुसरी भाषांतरं कधी बघायची? फक्त तिसऱ्या फेरीनंतर. आधी बघितली की त्यांचे शब्द डोक्यात बसतात आणि तुमचं म्हणून जे उतरतं ते खरं एनआयव्ही असतं. एआयचंही हेच, त्याला सरळ 'हे वचन भाषांतर कर' म्हटलंत तर त्याने वाचलेल्या भाषांतरांची खिचडी मिळण्याची शक्यता जास्त, त्यात कोणाची वाक्यं कितपत आलीत ते तुम्हाला कळणारही नाही. त्याचा उपयोग तपासणीला करा: 'हेसेद मी कुठे कुठे काय काय केलाय' ही यादी काढायला, सुटलेले शब्द शोधायला. आणि त्याने दाखवलेलंही स्वतः ताडून बघा.

मग माणसं. एक जण मूळ भाषा जाणणारा, एक चांगला इंग्लिश संपादक ज्याला हिब्रू येत नाही (येत नसलेलंच बरं), आणि दोन-तीन वाचक ज्यांनी बायबल कधी वाचलेलं नाही. या शेवटच्यांना अध्याय वाचायला द्या, पुस्तक काढून घ्या आणि म्हणा, आता गोष्ट सांग. जिथे ते चुकीचं सांगतात तिथे दोष तुमच्या वाक्यात आहे. 'कळलं का' असं विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात. मोठ्याने वाचूनही बघा. किंग जेम्सवाल्यांबद्दल असं नोंदवलेलं आहे की एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे वेगवेगळ्या भाषांतली बायबलं हातात धरून ऐकायचे आणि खटकलं की बोलायचे, नाहीतर वाचन पुढे चालू.

फाईली, नंबर आणि कायदा

वर्डमध्ये करू नका. पहिल्या दिवसापासून यूएसएफएम या साच्यात लिहा, साधी टेक्स्ट फाईलच असते, बॅकस्लॅश सी म्हणजे अध्याय, बॅकस्लॅश व्ही म्हणजे वचन, बॅकस्लॅश क्यू म्हणजे कवितेची ओळ. यातून छापील पुस्तक, मोबाईल ॲप, वेबसाईट सगळं निघतं. पॅराटेक्स्ट हे सॉफ्टवेअर अनुवादकांसाठीच बनवलेलं आहे, मुख्य शब्दांची यादी त्यातच ठेवता येते. कोशासाठी ग्रीकला बाउअर-डँकर, हिब्रूला हालोट, दोन्ही महाग, परवडत नसेल तर केंब्रिजच्या टिंडेल हाऊसचं स्टेप बायबल मोफत आहे आणि सुरुवातीला पुरतं. स्ट्राँगच्या यादीवर (बायबलमधल्या हिब्रू-ग्रीक शब्दांना नंबर देणारी जुनी सूची) मात्र विसंबू नका, तिथे एका शब्दासमोर किंग जेम्सने वापरलेले सगळे अर्थ ओळीने असतात आणि माणूस त्यातला आवडेल तो उचलतो.

वचनांचे नंबर ही एक छुपी खोड आहे. हिब्रू आणि इंग्लिश क्रमांक सगळीकडे जुळत नाहीत. योनातच बघा, इंग्लिशमधलं १:१७ हे हिब्रूत २:१ आहे. मलाखीचे हिब्रूत तीन अध्याय, इंग्लिशमध्ये चार, योएलचं नेमकं उलटं. बऱ्याच स्तोत्रांत हिब्रू शीर्षकालाच पहिलं वचन धरतं. वाचक इंग्लिश क्रमांकच शोधणार, तेव्हा तेच वापरा, पण ताडणाऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो चुकीच्या ओळी ताडत बसेल.

कॉपीराईट: एनआयव्हीतून परवानगीशिवाय ५०० वचनांपर्यंत उद्धृत करता येतात, तेही पूर्ण पुस्तक नको आणि तुमच्या मजकुराच्या चतुर्थांशाच्या आत. त्यावर आधारून नवं भाषांतर करणं यात बसत नाही. किंग जेम्स बाकी जगात मोकळं आहे पण ब्रिटनमध्ये छपाईचे हक्क राजाकडे आहेत. ग्रीक-हिब्रू आवृत्त्यांच्या डिजिटल फाईलींनाही स्वतःचं लायसन्स असतं, डाउनलोड करताना वाचा. आणि तुमचं स्वतःचं? पैसे मिळवायचे नसतील तर सगळं सार्वजनिक करून टाका, वर्ल्ड इंग्लिश बायबलने केलं, २०२३ला बेरियन स्टँडर्ड बायबलनेही केलं. वर्ल्ड इंग्लिश बायबलची एक युक्ती उचलण्यासारखी आहे: मजकूर मोकळा, पण नाव ट्रेडमार्क, म्हणजे कोणी बदल केले तर त्याने वेगळं नाव द्यायचं.

शेवटी प्रूफ. १६३१ला लंडनमध्ये छापलेल्या एका आवृत्तीत दहा आज्ञांमधला एक 'नॉट' गळला आणि 'तू व्यभिचार कर' असं छापून आलं, छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला. स्पेलचेकला असली चूक सापडत नाही, कारण वाक्य बरोबरच असतं. म्हणून नकार, आकडे आणि नावं यांची वेगळी फेरी करा, फक्त तेवढंच बघायचं, अर्थ वाचायचा नाही. मग योना पीडीएफ करून त्या दोन-तीन वाचकांना पाठवा, पहिल्या पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, चुका कळवायला एक पत्ता द्या, आणि त्या यायला लागेपर्यंत फिलेमोन उघडा, २५ वचनांचं पत्र आहे.